शाळेत गोळीबाराचा इशारा आला तर: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

गेली अकरा वर्षं मी न्यू जर्सीतल्या सरकारी शाळांमध्ये शिकवते आहे. इथल्या कायद्याप्रमाणे शाळेत दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सिक्युरिटी ड्रिल होतंच. दिवे मालवून, पंचवीस मुलांना भिंतीशी बसवून चूप करण्याचं काम मी पन्नासच्या वर वेळा केलंय. कुठे गोळीबार झाला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सल्ल्यांचा पाऊस पडतो: बुलेटप्रूफ दप्तर घ्या, मुलाला मेल्याचं सोंग घ्यायला शिकवा, मेसेज आला की गाडी काढा. त्यातला शेवटचा सल्ला मी एकदा मानला होता. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आधी शाळेचे शब्द शिका

बऱ्याच शाळा पाच ठरावीक शब्द वापरतात: होल्ड, सिक्युअर, लॉकडाउन, इव्हॅक्युएट, शेल्टर. पालकांनी दोन तरी नीट ओळखावेत. सिक्युअर म्हणजे धोका शाळेबाहेर आहे. बाहेरची दारं बंद, आत गणिताचा तास चालू. लॉकडाउन म्हणजे धोका आत आहे, किंवा तशी शक्यता आहे. हा कोविडचा लॉकडाउन नव्हे, हे भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. सिक्युअरचा मेसेज वाचून रडणाऱ्या आया मी पाहिल्यात. तेवढा एक शब्द माहीत असता तर त्यांचे ते दोन तास वाचले असते.

वर्गात: कुलूप, दिवे, भिंत

दाराला कुलूप, दिवे बंद, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा भिंतीशी सगळे, आवाज नाही. यात कुलूप सगळ्यात महत्त्वाचं. २०१२ साली कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत गोळीबारात वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. तिथल्या वर्गांना कुलूप लावायचं तर किल्ली घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये यावं लागायचं. दहा वर्षांनी टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेतही तीच गत होती. म्हणून पालकसभेत दप्तराबद्दल विचारू नका, एवढंच विचारा: आमच्या मुलांच्या वर्गाचं दार आतून बंद होतं का? बदली शिक्षिकेलाही ते बंद करता येतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या सभेत परत विचारा.

दुसरं, एकदा बंद केलेलं दार कोणी ठोठावलं म्हणून उघडायचं नाही. बाहेरून ओळखीचा आवाज आला तरीही नाही. पोलीस किंवा मुख्याध्यापक किल्लीने उघडतील. फायर अलार्म वाजला तरी धूर किंवा आग दिसल्याशिवाय बाहेर धावायचं नाही. २०१८ साली फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबाराच्या धुरळ्याने अलार्म वाजला आणि तिसऱ्या मजल्यावरची मुलं आग लागली समजून कॉरिडॉरमध्ये आली. बंदूकधाऱ्याने एकाही वर्गात पाऊल टाकलं नाही. दारांच्या काचांमधून गोळ्या झाडल्या. भिंतीचा कोपरा एवढा का जपायचा ते यावरून कळेल.

मैदानावर किंवा बाथरूममध्ये एकटं सापडलेल्या मुलाने काय करायचं? वाट मोकळी असेल तर शाळेपासून लांब पळायचं, नसेल तर सगळ्यात जवळच्या खोलीत शिरायचं. आपल्याच वर्गाकडे जायचं नाही.

मेसेज आल्यापासून मूल हातात येईपर्यंत

पालकांचा खरा कस इथे लागतो, आणि मी इथेच चुकले.

आमचा धाकटा तिसरीत होता. दुपारी त्याच्या शाळेत लॉकडाउन झाला (नंतर कळलं, कोणीतरी खोटा फोन केला होता). मी दुसऱ्या गावातल्या शाळेत होते. वर्ग सहकारी बाईंकडे सोपवला आणि गाडी काढली. त्याच्या शाळेकडे जाणाऱ्या एकपदरी रस्त्यावर माझ्यासारख्याच चाळीसेक गाड्या होत्या. मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजत होता आणि आमच्यापैकी एकालाही बाजूला सरकायला जागा नव्हती. आत कोणी जखमी असतं, तर त्याची वाट अडवणाऱ्यांत मी होते. तिथे अडकून मी मोठ्या मुलाला, सातवीत होता तो, त्याच इमारतीत, फोन लावला. त्याचा फोन अंधाऱ्या खोलीत वाजला. बाईंनी धावत येऊन त्यावर स्वेटर टाकला. हे त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

म्हणून ठासून सांगते, मुलाला फोन करायचा नाही. त्याचा मेसेज आला तर उत्तर एका ओळीचं: ‘फोन सायलेंट कर, बाईंचं ऐक, मी इथे आहे.’ तो कुठल्या खोलीत आहे ते विचारू नका, आणि त्याने सांगितलं तर ग्रुपवर टाकू नका. शाळेत जाऊ नका. शाळा जी जागा कळवेल तिथे जा. बहुतेक वेळा ते एखादं चर्च किंवा दुसऱ्या शाळेचं जिम असतं.

यावर मला नेहमी युवाल्डीचा प्रश्न विचारतात. तिथे पोलीस ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबले, आई-बाप कुंपणाशी ओरडत राहिले, एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मग आम्ही का थांबायचं? प्रश्न रास्त आहे आणि राग त्याहून रास्त. १९९९ साली कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर पोलिसांना शिकवलं गेलंय की कुमक येण्याची वाट न पाहता थेट बंदूकधाऱ्याकडे जायचं. युवाल्डीत ते झालं नाही. पण याचा जाब घटनेच्या आधी, शांत दिवशी मागायचा असतो. पहिला पोलीस किती मिनिटांत पोचतो? वर्गांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात का? हुकूम कोणाचा? मी हे तीन प्रश्न दर सप्टेंबरला लेखी विचारते.

आता आपल्या लोकांची खास अडचण सांगते. लॉकडाउन उठला, मुलांना बसने चर्चच्या हॉलमध्ये नेलं. मी ट्रॅफिकमध्ये, नवरा न्यू यॉर्कला. सासरे सुट्टीला आले होते, ते शेजाऱ्यांबरोबर पोचले, हातात भारतीय पासपोर्ट घेऊन. मुलाला कोण न्यायला येऊ शकतं त्या शाळेच्या फॉर्मवर मी त्यांचं नाव लिहिलं होतं ‘आप्पा’ आणि पुढे आडनाव. पासपोर्टावर त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तेही एका अक्षराने वेगळं. मुलं ताब्यात देणाऱ्या टेबलावरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, फॉर्म पाहिला आणि मान हलवली. सासरे तीन तास पत्र्याच्या घडीच्या खुर्चीवर बसून राहिले. पडद्यापलीकडे धाकटा बाकावर होता. एकेका मुलाला नाव घेऊन नेत होते. शेवटी बाकावर तिघं उरले. त्याला वाटलं, आपल्याला न्यायला कोणी आलंच नाही.

त्या बाईंचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता त्याच टेबलामागे मी स्वयंसेवक म्हणून बसते आणि नाव जुळलं नाही तर मीही मान हलवते. त्या गोंधळात मूल चुकीच्या माणसाच्या हाती देणं यासारखी दुसरी चूक नाही.

तेव्हा फॉर्म असा भरा. प्रत्येक माणसाचं नाव त्याच्या फोटो ओळखपत्रावर आहे तसं, अक्षर न् अक्षर. आप्पा, माई, काकू असलं काही नाही. आईचं माहेरचं आडनाव असेल तर तेच. दोघंही लांब कामाला असाल तर चालत येऊ शकेल असा एक शेजारी त्यात हवा, तो मराठी असलाच पाहिजे असं नाही. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले की त्याच आठवड्यात त्यांची नावं घाला आणि परत गेले की काढा. त्यांच्या पासपोर्टच्या फोटोप्रतीवर विसंबू नका. खरा पासपोर्ट घेऊन जायला सांगा. शाळेचं नाव इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पाकिटात ठेवा.

आणि भारतात एकालाच कळवा. बातमी पुण्यात रात्री पोचते, आणि मग पंधरा जणांचे फोन नेमके तुम्ही शाळेच्या मेसेजची वाट पाहत असता तेव्हा वाजतात. आमच्याकडे हे काम माझ्या धाकट्या दिराकडे आहे.

हे आजच करता येईल

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ साली शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळाली होती. बहुतेकांनी आधी कोणाला ना कोणाला काही बोलून दाखवलं होतं. आपल्या लोकांनीही आता बंदुका घेतल्यात. घेतली असेल तर ती कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली मुलांना माहीत नाही अशा जागी. मुलाला मित्राकडे खेळायला पाठवण्याआधी विचारा, ‘घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का?’ पहिल्यांदा जीभ अडखळते. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो त्याच सुरात विचारलं की जमतं. आणि मुलाने वर्गातल्या कोणाबद्दल भीतीचं काही सांगितलं तर ‘चेष्टा असेल’ म्हणून सोडू नका, शाळेला कळवा. ती चुगली नाही.

घरी आल्यावर

आधी खायला घाला. प्रश्न विचारू नका, मूल आपणहून सांगतं. धाकट्याने त्या रात्री वरणभात दोनदा घेतला आणि बूट घालूनच झोपला. मी काढले नाहीत. बातम्या बंद ठेवा. चार-सहा आठवडे झोप, भूक, पोटदुखीकडे लक्ष द्या आणि सुधारणा नसेल तर शाळेच्या समुपदेशकांना गाठा. दुसऱ्या दिवशी शाळा भरणार असेल तर पाठवा, बसने नको. दारापर्यंत स्वतः सोडायला जा.