जुनाट कंबरदुखी आणि कायरोप्रॅक्टर : माझा अनुभव

न्यू जर्सीत दिवसभर लॅपटॉपसमोर बसून कंबर पार आखडली होती, मोजे घालायला वाकलं की कळ थेट डाव्या कुल्ल्यात. एमआरआयमध्ये डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, जराशी बाहेर आलेली दिसली, पण पायात ताकद नीट होती म्हणून डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, आधी बाकीचे उपाय करा. मग कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे गेले. तिने आधी रिफ्लेक्स बघितले, पाय सरळ वर उचलून बघितला, मग कुशीवर झोपवून वरचा गुडघा दुमडला आणि कमरेला एकच छोटा झटका! कट्ट आवाज आला, तो हाड जागेवर बसल्याचा नसतो बरं का, सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी होते त्याचा असतो. लगेच मोकळं वाटलं, पण ते टिकलं मात्र सोबत रोज ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) आणि बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं) हे व्यायाम केले म्हणूनच, हे अगदी ठामपणे सांगते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्येही जुनाट कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी व्यायाम, मॅनिप्युलेशन (असा हाताने दिलेला झटका) असेच उपाय आहेत.

हाडं ठिसूळ असतील तर आधीच सांगा, झटका घेऊ नका. आणि लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधे बधिरपणा आला तर कायरोप्रॅक्टर नको, तडक इमर्जन्सीत जा.