पेट्रोल टाकीचा रिकॉल आलाय? गाडी देण्याआधी आणि परत घेताना काय काय बघायचं

रिकॉल म्हणजे गाडीत बिघाड सापडल्यावर कंपनीने त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं. सगळ्यात आधी चेसिस नंबर काढा. मॉडेल आणि वर्ष जुळलं म्हणजे तुमची गाडी रिकॉलमध्ये आहेच असं नसतं, खराब टाक्या बऱ्याचदा ठराविक बॅचमध्येच गेलेल्या असतात. नंबर 17 अक्षरी असतो, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवर नाहीतर कागदपत्रांवर सापडतो, आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे ओ सारखं काही दिसलं तर ते शून्यच. कंपनीच्या साइटवर टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करा. गाडी सेकंड हँड असेल तर हे कराच, कारण पत्र बऱ्याचदा जुन्या मालकाकडे जातं आणि तुम्हाला काही कळतच नाही. रिकॉल गाडीवर असतो, मालक बदलला तरी तो संपत नाही.

नोटीस आली असेल तर ती पूर्ण वाचा, विशेषतः काम होईपर्यंत काय करायचं ते. कधी गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा असं लिहिलेलं असतं, कधी टाकी फुल करू नका, कधी गाडी चालवूच नका. चालवू नका म्हटलं असेल तर सर्व्हिस सेंटरपर्यंत सुद्धा चालवत नेऊ नका, टो करून न्यायला सांगा.

आता स्वतः किती तपासायचं? बघायचं, वास घ्यायचा, बस. गाडी उघड्यावर, सपाट जागी, इंजिन आणि सायलेन्सर थंड झाल्यावर. लायटर, सिगरेट लांब, उजेडाला एलईडी टॉर्च, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात शिरायचं नाही. वाकून टाकीची शिवण, टाकी धरून ठेवणारे पट्टे, फिलर पाइप (ज्यातून पेट्रोल भरतात तो) जिथे टाकीत शिरतो तो जोड बघा. पेट्रोल पटकन उडून जातं त्यामुळे थेंब दिसेलच असं नाही, पण जिथे झिरपतं तिथे धूळ चिकटून काळपट डाग पडतो, आजूबाजूचा भाग कोरडा आणि मधेच एक ओलसर रेघ, असं काहीतरी. एसीचं पाणी खाली पडलेलं बघून घाबरू नका, त्याला वास नसतो.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणाऱ्या पंपाचं सील बऱ्याच गाड्यांत टाकीच्या वरच्या बाजूला असतं, त्यामुळे तिथली गळती टाकी भरलेली असताना किंवा चढावरच कळते. पाव टाकीवर सगळं कोरडं दिसलं म्हणून रिकॉल टाळायचा नाही. फुल केल्यावर मागच्या सीटजवळ वास येणं, चेक इंजिनचा लाइट लागणं, हे सगळं सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगा. पण नुसतं तपासायला म्हणून टाकी फुल करू नका.

टाकी काढायचं काम घरी करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, आणि हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असलं की एक ठिणगी पुरते. म्हणूनच रिकामी टाकी, जिच्यात वाफ आणि हवा मिसळलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढणं, जुन्या टाकीला वेल्डिंग मारणं, हे तर नकोच नको.

नोटिशीत मनाई नसेल तर पेट्रोल कमी असताना गाडी द्या, 40 लिटर म्हणजे जवळपास 30 किलो वजन होतं. काम साधारण असं चालतं: आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवतात म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडतात, उरलेलं पेट्रोल अर्थिंग केलेल्या मशीनने बंद डब्यात घेतात, पाइप आणि कनेक्टर सोडवतात, टाकीला जॅकचा आधार देऊन पट्टे काढतात आणि टाकी खाली उतरवतात. काही गाड्यांत मधे सायलेन्सर येतो, तोही काढावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. बऱ्याचदा जुना पंप नव्या टाकीत बसवतात, आणि तिथे सील नवीनच पाहिजे. जुनं रबर पेट्रोलने फुगलेलं असतं, ते दाबून बसवलं तर टाकी नवी आणि गळती जुनीच. पंप बसवताना फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून पातळी मोजणाऱ्या भागाची) काडी वाकली तर पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवतो. उष्णता अडवणारा पत्राही परत जागेवर लागलाय का विचारा.

आणि दरवेळी टाकीच बदलतील असं नाही. 1978 मध्ये अमेरिकेत फोर्डने पिंटो या कारसाठी सुमारे 15 लाख गाड्यांचा रिकॉल काढला तेव्हा टाकी तीच ठेवून प्लास्टिकची ढाल आणि लांब फिलर पाइप दिला होता. तुमच्या रिकॉलमध्ये नेमकं काय बदलायचंय ते नोटिशीत असतं, त्याच्याशी जॉब कार्ड ताडून बघा, रिकॉल नंबर आणि पार्ट नंबर दोन्ही त्यावर असले पाहिजेत.

गाडी मिळाली की तिथेच इंजिन चालू ठेवून खाली बघा, वास घ्या. मग पेट्रोल भरा, नॉझल मधेच सारखं बंद पडतंय का बघा, पडत असेल तर हवेचा पाइप दबलेला असू शकतो. एकदा फुल करून परत बघा, रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी वास आला तर गाडी चालू न करता सर्व्हिस सेंटरला फोन करा. काही दिवसांनी चेसिस नंबर साइटवर पुन्हा टाका, काम पूर्ण झालं असं दिसायला हवं. आणि रिकॉल यायच्या आधीच याच बिघाडासाठी तुम्ही पैसे भरले असतील तर ते बिल शोधून ठेवा, बऱ्याच रिकॉलमध्ये ते पैसे परत मिळतात, पण मागावे लागतात.