तोफखाना वाढवूनही हल्ला का अडतो? ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ खेळताना या चुका टाळा

डिव्हिजनमध्ये तोफखान्याच्या बटालियन वाढवल्या, सॉफ्ट अटॅकचा (चिलखत नसलेल्या लक्ष्यांवरील माऱ्याचा) आकडाही चांगला वर गेला, तरी हल्ला दोन-तीन दिवसांत थंडावतो, ही दुसऱ्या महायुद्धावरील ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा संगणकीय रणनीती-खेळ खेळणाऱ्या अनेकांची अडचण असते. तोफखान्याने मारा वाढतो, पण टिकाव वाढत नाही, उलट तो घटतो. ही गोष्ट टेम्प्लेट, म्हणजे डिव्हिजनच्या रचनेचा आराखडा, बनवताना नजरेतून सुटते आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

डिव्हिजनचे ऑर्गनायझेशन, म्हणजे लढत राहण्याची क्षमता, ही तिच्यातील सर्व बटालियनची सरासरी असते. पायदळाच्या बटालियनचे मूळ ऑर्गनायझेशन ६० असते आणि तोफखान्याचे शून्य. त्यामुळे सपोर्ट कंपन्या (डिव्हिजनला जोडलेली छोटी साहाय्यक पथके) बाजूला ठेवल्या, तर पायदळाच्या ७ आणि तोफखान्याच्या २ बटालियन असलेल्या डिव्हिजनचे ऑर्गनायझेशन सुमारे ४७ वर येते आणि तोफखान्याच्या ४ बटालियन घातल्या की ते ३८ च्या आसपास घसरते. ऑर्गनायझेशन संपले की डिव्हिजन लढाई सोडते, मग तिच्याकडे कितीही तोफा शिल्लक असोत.

दुसरी चूक, म्हणजे विखुरलेला हल्ला, अधिक नुकसान करते आणि ती आकडेमोडीशिवाय लक्षात येत नाही. लढाईचा हिशेब दर तासाला होतो. बचाव करणाऱ्याचा डिफेन्स आणि हल्ला करणाऱ्याचा ब्रेकथ्रू हे आकडे ढालीचे काम करतात. ही ढाल शिल्लक असेपर्यंत प्रत्येक वार लागण्याची शक्यता १० टक्के असते आणि ती संपल्यानंतरच्या वारांसाठी ४० टक्के. समजा, शत्रूचा डिफेन्स ६० आहे आणि त्याच्यावर १०० वार झाले, तर पहिल्या ६० पैकी सरासरी ६ आणि उरलेल्या ४० पैकी १६, असे एकूण २२ वार लागतात. तेच १०० वार १२० डिफेन्स असलेल्या डिव्हिजनवर झाले, तर जेमतेम १० लागतात. म्हणून विखुरलेल्या हल्ल्यापेक्षा एकाच प्रांतावर एकवटलेला मारा कितीतरी अधिक परिणामकारक ठरतो. हाच नियम आपल्यालाही लागू होतो: तोफखान्याने भरलेल्या डिव्हिजनचा ब्रेकथ्रू तोकडा असतो, त्यामुळे हल्ला करताना तिलाच जास्त वार लागतात.

रुंदीकडेही लक्ष हवे. पायदळाची बटालियन २ आणि तोफखान्याची ३ एकक कॉम्बॅट विड्थ, म्हणजे लढाईच्या आघाडीवरील जागा, घेते. ‘नो स्टेप बॅक’ हा विस्तार नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, तोपर्यंत सर्वत्र मूळ विड्थ ८० होती, म्हणून २० किंवा ४० विड्थच्या डिव्हिजन अचूक बसत. आता हा आकडा भूभागानुसार बदलतो आणि डोंगरात किंवा दलदलीत तो मैदानापेक्षा कमी असतो. तरीही जुनेच टेम्प्लेट डोळे झाकून वापरणारे अनेक आहेत. सपोर्ट आर्टिलरी, म्हणजे सपोर्ट कंपनी म्हणून जोडलेला तोफखाना, मात्र विड्थ अजिबात घेत नाही आणि तिला अवघ्या १२ तोफा लागतात, म्हणून सुरुवात तिच्यापासून करणेच शहाणपणाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

कारण तोफखान्याच्या पूर्ण बटालियनला ३६ तोफा लागतात. सुरुवातीच्या तोफेचा उत्पादनखर्च ३.५ असल्याने एका बटालियनचा खर्च १२६ होतो, शिवाय पोलाद आणि टंगस्टन लागते ते वेगळेच. या बटालियनचे एचपी (नुकसान सोसण्याची क्षमता) फक्त ०.६ असतात, तर पायदळाच्या बटालियनचे २५. डिव्हिजनमधील तोफखान्याचे प्रमाण जसे वाढते, तसे तेवढ्याच माऱ्यात महागडे साहित्य अधिक वाया जाते.

समोर रणगाडे असतील, तर सॉफ्ट अटॅकवर विसंबू नये. ज्या डिव्हिजनचा हार्डनेस (चिलखती भागाचे प्रमाण) जास्त, तिच्यावर त्याचा थोडाच भाग चालतो, आणि साध्या तोफेचा हार्ड अटॅक (चिलखती लक्ष्यांवरील मारा) नगण्य असतो. तिथे रणगाडाविरोधी तोफाच हव्यात.

हल्ला अडला की लगेच टेम्प्लेट बदलायला घेऊ नका. आधी नकाशावरील लढाईच्या चिन्हावर क्लिक करून दोन्ही बाजूंना लागू झालेल्या वजाबाक्या वाचा. रात्रीच्या लढाईत हल्ल्याची ताकद निम्म्यावर येते, नदी ओलांडताना वेगळी वजाबाकी बसते आणि रसद तुटली असेल तर तिचा फटका त्यावर आणखी पडतो. पायदळापेक्षा तोफखान्याला रसद जास्त लागते, त्यामुळे तोफांनी भरलेली डिव्हिजन रेल्वेमार्गापासून जितकी दूर जाईल, तितकी ही शेवटची वजाबाकी सर्वप्रथम तपासावी.