‘पागलाची गोळी’ आणि आठ दिवसांची घाई: या चुका टाळा

माझं मेडिकल तालुक्याच्या एसटी स्टँडासमोर. उदासीच्या चिठ्ठीवर फ्लुओक्सेटिन या उदासीच्या गोळीखाली डॉक्टरांनी ॲरिपिप्राझोल लिहिलं की दोन दिवसांत घरचं कोणीतरी गोळ्यांचा पत्ता परत घेऊन येतंच. "हे पागलाची गोळी हाय म्हन्ते भाऊ. आमच्या बाले काहून देली?"

गोळी तीच, काम वेगळं. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रमाच्या आजारात, ती १० मिलिग्रॅम आणि त्यापुढं चालते, उदासीत २ किंवा ५ पासून सुरू होते. फ्लुओक्सेटिनसारखी उदासीची गोळी मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवते. पण कित्येकांचं रडू थांबतं, तरी उठून वावरात जायची इच्छा होत नाही. ॲरिपिप्राझोल डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरला, म्हणजे ते जिथं काम करतं त्या जागेला, अर्धवट चालना देतं. पाटाचं दार ना सताड उघडं, ना पक्कं बंद: डोपामिन कमी तिथं थोडं सोडायचं, जास्त तिथं आवरायचं. अमेरिकेत या जोडीला २००७ मध्येच मंजुरी मिळाली. ही कोण्या डॉक्टरची लहर नव्हे.

मला खरी छळते ती घाई. पऱ्हाटी वेचणीच्या दिवसांत एका कास्तकाराला फ्लुओक्सेटिनवर ५ मिलिग्रॅम ॲरिपिप्राझोल जोडलं होतं. आठ दिवसांत फरक नाही म्हणून पोरानं परस्पर दोन-दोन गोळ्या सुरू केल्या. दुकानासमोरच्या बाकावर बसवलं, तर माणूस उठे, बसे, पुन्हा उठे. बायको म्हणाली, "रातभर आंगनात येरझारा घालतेत. आजार वाढला जी. तिसरी देऊ का?"

आजार नव्हता, अकॅथिसिया होता. आतून अशी तगमग की पाय ठरत नाहीत. दिसते घबराटीसारखी, आणि तिच्यापायी माणूस जिवाचं बरंवाईटही करून बसतो. त्यात यकृतातलं जे एन्झाइम ॲरिपिप्राझोल मोडतं, त्यालाच फ्लुओक्सेटिन अडवतं. म्हणजे रक्तात ते आणखी चढलेलं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी ॲरिपिप्राझोल थांबवलं. पण हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच ७५ तास घेतं. त्याला बाकावर स्थिर बसता यायला दोन आठवडे गेले. पुढं डॉक्टरांनीच २ मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केलं.

डोस पुरता बसायलाही दोन आठवडे लागतात. म्हणून मी पत्त्यावर मार्करनं तारीख टाकतो आणि दर खेपेला एकच विचारतो, "एका जागी बसवते का?" रात्री तगमग वाढली नि डॉक्टर सापडत नसला, तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. फुकट, मराठीत.

नवी आली म्हणून जुनी बंद करू नका. ती जोड आहे, बदली नाही. एसिटालोप्रामसारखी उदासीची गोळी एकदम सोडली की चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं.

ॲरिपिप्राझोलऐवजी ओलान्झापिन ही त्याच जातीची गोळी जोडली असेल तर महिन्याला वजन, अधूनमधून साखर तपासा. काटा माझ्या दुकानात आहे, पैसे घेत नाही.

बिडी सोडणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. धुरामुळं ओलान्झापिन लवकर मोडतं, बिडी सुटली की तेवढ्याच गोळीत जास्त चढतं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा याच्याशी संबंध नाही. तो वेगळ्या वाटेनं मारतो.