हात लावू नका, सर!

भूमिती मी वर्षानुवर्षं खडू आणि लाकडी कोनमापकावरच शिकवली. जिओजेब्रा हे संगणकावर आकृत्या काढायचं भूमितीचं सॉफ्टवेअर शिकले ते शेजारच्या वर्गावरच्या तरुण सरांकडून, तीन ऑफ तासांत. तुम्हालाही सहकाऱ्याकडून असं काही शिकायचं असेल, तर माझं ऐका.

"मला कॉम्प्युटर शिकवा" म्हणत जाऊ नका. समोरच्यानं सुरुवात तरी कुठून करायची? मी एवढंच घेऊन गेले: गुरुवारी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घ्यायची आहे, शिरोबिंदू ओढला की कोन बदलताना पोरांना दिसले पाहिजेत.

माऊस मात्र सोडायचा नाही. जाणकाराचे हात शिवशिवतात. "थांबा, मी करून देतो" म्हणत तो चार क्लिकमध्ये काम उरकतो आणि आपण नुसती मान डोलावतो. सरांना मी स्पष्ट सांगितलं, तुम्ही बोला, हात लावू नका. मग माझा कोन ६० ऐवजी ३०० अंश आला! जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं मोजतं, त्यामुळे तीन बिंदू कोणत्या क्रमानं निवडता यावर सगळं. क्रम उलटा केला, ६० आले. सरांनी करून दिलं असतं तर हे मला वर्गात, पोरांसमोर कळलं असतं.

त्यांची फजितीही आवर्जून विचारा. सरांनी एकदा कोन पूर्ण अंशांत दाखवायला ठेवले होते. पडद्यावर ५९, ६०, ६०. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एक अंश कुठे गेला?" खरे कोन होते ५९.४, ६०.३ आणि ६०.३. मी दशांश स्थळं वाढवली, पण हे एक उदाहरण मुद्दाम तसंच ठेवलं. गुरुवारचा तास त्यावरच रंगला.

प्रोजेक्टरची केबल, पडदा प्रोजेक्टरवर न्यायची विंडोज आणि पी या कळांची जोडी वगैरे आदल्या दिवशी त्याच खोलीत तपासा.

जमलं तर सहकाऱ्याच्या तासाला मागे जाऊन बसा, पण शेरे मारायला नको. शिक्षकांनी एकमेकांना शिकवण्याची पद्धत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात रुजवली; १९९६ मध्ये त्यांनीच लिहिलं की शेरे देणं आम्ही वगळलं, कारण त्यात तपासणीचा सूर शिरतो. त्यांच्या हिशेबात तास घेणारा शिकवतो, बघणारा शिकतो.

परवा चित्रकलेच्या बाई वर्तुळात षटकोन काढायला माझ्याकडे आल्या. माऊस त्यांच्यापुढे सरकवून मी हाताची घडी घातली. तोंडावर बोट काही राहिलं नाही.