आठ चौकटींची वही

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय सक्तीचा असला, तरी त्यात गुणांऐवजी श्रेणी मिळते, म्हणून ‘संस्कृती आणि हालचाल’ या विषयावरचा पोर्टफोलिओ मुले अगदी शेवटी, बाकीच्या सगळ्या वह्या उरकल्यावर हातात घेतात. बी.पी.एड. करून नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकांना हे काम पहिल्याच वर्षी अंगावर येते, आणि ते कसे पुरे करून घ्यायचे हे कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितले नव्हते.

पहिल्या वर्षी मी सरसकट ‘महाराष्ट्रातील लोकनृत्ये’ हा विषय दिला आणि गठ्ठाभर एकसारख्या वह्या माझ्या टेबलावर आल्या. मजकूर एकाच ठिकाणाहून उतरवलेला, चित्रे एकाच झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली. जतच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या मुलाच्या वहीत कोळ्यांच्या होड्या होत्या आणि त्याच्या स्वतःच्या वस्तीवर दरवर्षी वाजणाऱ्या धनगरी ढोलाचा त्यात उल्लेखही नव्हता. चूक मुलांची नव्हती, कारण एवढ्या मोठ्या विषयावर माहितीच लिहिता येते, हालचाल लिहिता येत नाही. तेव्हापासून मी विषय एवढा लहान करून देतो की तो मुलांना प्रथम हास्यास्पद वाटतो: लेझीमचा एकच फेर, धनगरांच्या गजीनृत्यातले एकच पाऊल, मल्लखांबावरची एकच पकड, कुस्तीतला एकच शड्डू.

कुस्तीचा विषय आमच्याकडे हमखास येतो, आणि त्यात खाशाबा जाधव असतातच. कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल, 1952 चे हेलसिंकी ऑलिंपिक, फ्रीस्टाइल बँटमवेटमधले कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, एवढे लिहून पान संपते. हे सगळे खरे आहे, पण ते चरित्र झाले. तालमीत जाणाऱ्या एका मुलाला मी विचारले, की मातीत वाढलेल्या खाशाबांना 1948 साली लंडनला मॅटवर उतरावे लागले, तिथे ते सहावे आले, तर माती आणि मॅट यांत तुझ्या पायाला काय फरक जाणवतो तेवढे लिहून आण. तो चार दिवसांनी दीड पान घेऊन आला. मातीत टाच रुतते आणि त्यामुळे आधार मिळतो, मॅटवर तीच टाच रुतायला जागा शोधत राहते. मातीतली कुस्ती वेळ घेऊन, जोखत खेळता येते, मॅटवर घड्याळ आणि गुण डोक्यावर बसलेले असतात, म्हणून पहिल्या क्षणापासून खाली वाकून उभे राहावे लागते. पुढे त्याने वस्तादांना विचारून हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर का कालवतात तेही लिहिले. ‘माती मऊ राहते, अंग सोलत नाही’ हे वस्तादांचे उत्तर त्याने शुद्ध करून न लिहिता जसेच्या तसे ठेवले, आणि मला ते आवडले.

वही अडते ती निरीक्षण आणि लेखन यांच्यामध्ये. मुले यात्रेत जातात, मोबाइलवर चित्रीकरण करतात आणि मग तीन आठवडे ते उघडतच नाहीत. यावर माझा उपाय साधा आहे: एका पानावर आठ चौकटी आखायच्या, कारण शाळेतल्या लेझीमचे बहुतेक फेर आठ आकड्यांत बसतात, आणि पाहिलेल्या हालचालीचे चित्रीकरण त्याच संध्याकाळी संथ गतीने चालवून प्रत्येक आकड्याला एक काडीचा माणूस काढायचा. वजन कोणत्या पायावर आहे, गुडघा किती वाकला आहे, लेझीम उघडी आहे की मिटलेली, एवढेच खाली एका ओळीत लिहायचे. चित्रकला येत नाही ही सबब इथे चालत नाही. चौकटी भरल्या की लिखाणाचे निम्मे काम झालेले असते, कारण ‘यात समन्वय आणि दमदारपणा लागतो’ असले पुस्तकी वाक्य मग मुलाला कोणत्या चौकटीवरून लिहावे ते दिसते. ज्यांना आठ चौकटी भरता येत नाहीत, त्यांनी ती हालचाल नीट पाहिलेली नसते. त्यांना परत पाठवावे, रागावू नये.

नाडीच्या ठोक्यांच्या तक्त्याबद्दल एक इशारा. पाठ्यपुस्तकात 72 हा आकडा वाचलेला असल्यामुळे मुले स्वतःची, आजीची आणि दहा मिनिटे लेझीम खेळून आलेल्या मित्राचीही नाडी 72 लिहितात. मी आता मैदानातच मनगटावर बोटे ठेवून 15 सेकंद मोजायला लावतो, चारने गुणायला लावतो आणि आकडा माझ्यासमोर पेन्सिलने नाही, पेनाने लिहून घेतो.

इतिहासाचा भाग थोडक्यात आणि गावाशी बांधलेला असावा. कुंडलच्या मुलीने लाठीवर लिहिताना क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात आपल्या गावी तुफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या तरुणांच्या दलाचे, प्रशिक्षण चाले, हे दोन ओळींत मांडले, आणि तेवढे पुरेसे होते. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची परवानगी मात्र आधी घ्यावी, विशेषतः छायाचित्रांसाठी. ही गोष्ट मी एका वर्षी विसरलो आणि एका घरी जाऊन माफी मागावी लागली.

यंदा आटपाडीकडच्या एका मुलीने आजोबांचे गजीनृत्य विषय म्हणून घेतले. पांढरे धोतर, अंगरखा, डोक्याला फेटा, हातांत रंगीत रुमाल आणि मध्ये ढोल हे सगळे तिला पाठ होते, पण पाऊल कसे पडते ते सांगता येत नव्हते, म्हणून मी एका रविवारी तिच्या घरी गेलो. आजोबा अंगणात उभे राहिले, दोनदा पाय उचलला आणि थांबले. ‘‘ढोलाबिगर पाय कसा उचलंल गं? ताल लाव,’’ ते म्हणाले. मुलीने घरातून पत्र्याचा डबा आणला आणि पायरीवर बसून वाजवू लागली. ठेका चुकत होता, तो आजोबांनी टाळीने सुधारला, आणि मग ते त्याच जागी, वयाने झुकलेल्या गुडघ्यांनी, रुमाल नसलेल्या हातांनी फिरले. मुलीला डबा सोडून चित्रीकरण करता येईना, तेव्हा मोबाइल मी धरला. तिच्या वहीत नंतर प्रत्येक चौकटीखाली दोन ओळी होत्या, एक पायाची आणि एक ढोलाची, आणि ही कल्पना तिला मी दिलेली नव्हती.

वही पुरी झाल्यावर तिने ती आजोबांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती मुदत वाढवून मागायला आली, कारण पाचव्या चौकटीवर बोट ठेवून आजोबा म्हणाले होते, ‘‘हितं उजवा न्हवं, डावा.’’ मी मोबाइल काढून चित्रीकरण पुन्हा लावले. डावाच होता. तिने ती चौकट खोडून नव्याने काढली आणि वही दोन दिवस उशिरा आली.