बांध कोरला गेल्यावर सूड देवावर कसा सोपवावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात बांध कोरला गेला की आधी शिवीगाळ होते, मग दोन घरांचे बोलणे तुटते आणि पुढे एकाच आजोबांची नातवंडे एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. अशा वेळी सूड देवावर सोपवायचा, तर प्रत्यक्षात काय करायचे, ते येथे लिहीत आहे.

ज्या दिवशी अन्याय कळेल, त्या दिवशी उत्तर देऊ नये. फोन करू नये, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही टाकू नये आणि हातात कोयता असताना त्या शेताकडे तर मुळीच जाऊ नये.

त्यानंतर विठ्ठलापुढे बसून सगळे सांगावे. किती जमीन गेली, कोणता शब्द काळजाला लागला, रात्री झोप का येत नाही, हे काहीही न लपवता बोलावे, कारण रागासकट केलेली प्रार्थना ही खोट्या शांतपणाने केलेल्या प्रार्थनेपेक्षा खरी असते. मात्र ‘त्याचे वाटोळे कर’ असे मागू नये. दात-ओठ खात ‘देव बघून घेईल’ म्हणणारा माणूस न्याय देवाकडे सोपवत नाही. शिक्षा स्वतःच ठरवून ती फक्त देवाच्या हातून करवून घेऊ पाहतो. न्याय कधी आणि कसा करायचा, हेही देवावरच सोडावे लागते, आणि मला वाटते, सर्वांत अवघड तेच आहे.

सूड सोडला म्हणजे हक्क सोडला, असे नव्हे. जमिनीचा उतारा काढावा, मोजणीसाठी रीतसर अर्ज करावा आणि सर्व्हेअर हद्द दाखवील तेव्हा शेजाऱ्यालाही हजर राहू द्यावे. कागद कन्नडमध्ये असतात. म्हणून सही करण्यापूर्वी ते विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावेत. मारहाण झाली असेल, तर पोलिसांत तक्रार द्यावी, त्याने श्रद्धा उणी होत नाही. केवळ समोरच्याला कोर्टात खेटे घालायला लावण्यासाठी खोटे कलम जोडणे, हा मात्र सूडच होय.

आपल्या गावांतून पंढरीला दिंड्या जातात, पारायणे होतात आणि कीर्तनात देहूची कथाही सांगितली जाते: मंबाजीने काटेरी फोकाने झोडपल्यावर तुकोबांनी त्यालाच कीर्तनाला बोलावले आणि त्याचे अंग रगडून दिले. तेवढे आपल्याला एकदम जमणार नाही. वाटेत भेटल्यावर ‘रामकृष्णहरी’ म्हणणे जमेल, तेथून सुरुवात करावी.

खरी परीक्षा समोरच्यावर संकट येते तेव्हा होते. त्याचा ऊस जळाला, बैल दगावला, तर ‘देवाने दाखवले’ असे घरातही म्हणू नये, कारण ते मुले ऐकत असतात आणि वैर त्यांच्याकडे तसेच जाते. त्याच्या घरी मयत झाली, तर निरोपाची वाट न पाहता जावे, आणि मोजणीची तारीख आठवड्यावर आली असली तरी तेथे तो विषय काढू नये.